पहिल्याच भागावर एवढं भांडण का होतं?

नव्या फँटसी कादंबरी-मालिकेचा, म्हणजे जादूच्या कल्पित जगातल्या गोष्टीचा, पहिला भाग येतो. आठवडाभरात वाचकांची मतं यायला लागतात. एक जण लिहितो, 'दोनशे पानं झाली तरी काही घडतच नाही.' लगेच खाली दुसरी कुणी लिहिते, 'इतकं घडतं की दम लागतो.' तिसऱ्याच्या मते जादूचे नियम धड समजावलेलेच नाहीत, चौथ्याच्या मते नियम समजावण्यातच अर्धं पुस्तक संपलं. पुस्तक एकच, पानंही तीच. घ्यावं की नको हे ठरवायला आलेला माणूस होता त्यापेक्षा जास्त गोंधळून परत जातो.

यातलं कुणी खोटं बोलत नसतं. प्रत्येक जण वेगळ्याच गोष्टीचं मत देत असतो. कुणी गोष्टीला गुण देतो, कुणी त्या जगाला, कुणी लेखकाने दिलेल्या वचनाला, तर कुणी जाहिरातीने केलेल्या गाजावाजाला. हे सगळं शेवटी एकाच आकड्यात, पाचपैकी अमुक इतक्या चांदण्यांत, कोंबलं जातं. साध्या कादंबरीच्या बाबतीतही हे होतं, पण मालिकेच्या पहिल्या भागाबाबत फारच होतं. त्याची कारणं एकेक करून पाहू.

पहिल्या भागावर कामाचा बोजाच विचित्र असतो. त्याला स्वतःची गोष्ट सांगायची असते. जे जग कुणी पाहिलेलं नाही ते उभं करायचं असतं. शिवाय पुढच्या भागांसाठी असे धागे सोडायचे असतात की आज ते लोंबकळते वाटू नयेत आणि चार वर्षांनी आठवले मात्र पाहिजेत. ही तिन्ही कामं एकमेकांच्या पायात पाय घालतात. नेमकं कसं, ते एका उताऱ्यावरून दाखवतो. उतारा माझाच, आत्ता रचलेला आहे:

'तिसऱ्या भरतीची घंटा झाली तेव्हा सावर्णी घाट उतरत होती. मनगटावरचा अकेर अजून उबदार होता. म्हणजे नऊमुखींपैकी कुणीतरी जिवंत होतं. खाली वेशीपाशी दोन राखकरी उभे होते. राखकरी इतक्या वर कधीपासून यायला लागले?'

पाच छोटी वाक्यं आणि चार अनोळखी गोष्टी: तिसरी भरती, अकेर, नऊमुखी, राखकरी. फँटसीत मुरलेला वाचक इथे अडत नाही. अकेर म्हणजे काहीतरी मनगटावर घालायचं, ते कुणाच्या तरी जिवाशी बांधलेलं आहे, राखकरी ही खालच्या भागातली आणि बहुधा धोक्याची माणसं, एवढं तो चालता चालता खिशात टाकतो आणि पुढे जातो. बाकीचं कळेल तेव्हा कळेल. हा प्रकार नव्याने वाचणारा मात्र प्रत्येक शब्दाला ठेचकाळतो. आपलंच काही वाचायचं राहिलं का म्हणून मागचं पान उलटून बघतो आणि मागे पानच नसतं. दहा पानांनी त्याला वाटतं की हे पुस्तक आपल्यासाठी नाही. खूप वाचलेला तिसरा एक वाचक असतो. तो म्हणतो, 'पुन्हा जादूचं कडं घातलेली मुलगी!' आणि जांभई देतो.

आता नवख्या वाचकाची सोय बघून लेखकाने असं लिहिलं समजा: 'अकेर म्हणजे नऊमुखींच्या रक्तात बुडवलेलं तांब्याचं कडं. हजार वर्षांपूर्वी पहिल्या नऊ जणींनी समुद्राशी करार केला, तेव्हापासून ही प्रथा चालत आली होती.' अडखळणं संपलं, पण गोष्टही तिथेच थांबली. सावर्णीला हे सगळं लहानपणापासून ठाऊक आहे. वेशीवर शत्रू उभा असताना ती तांब्याच्या कड्याचा इतिहास मनात कशाला घोळवेल? वाचक ज्याला 'इन्फोडंप' म्हणून नावं ठेवतात तो हाच माहितीचा ढिगारा. गंमत अशी की 'काही समजावलंच नाही' आणि 'फार समजावलं' या दोन्ही तक्रारी एकाच पानावर येऊ शकतात, कारण किती समजावलं म्हणजे पुरे हे वाचकाने आधी काय वाचलंय त्यावर ठरतं.

यातून सुटायची एक जुनी युक्ती आहे. जगाची काहीच माहिती नसलेलं पात्र मध्यभागी ठेवायचं. लांबच्या खेड्यातला पोरका मुलगा, ज्याने वेशीबाहेर पाऊल टाकलेलं नाही. मग म्हातारा गुरू त्याला समजावतो आणि त्याच्या खांद्यावरून वाचकही ऐकतो. इतके पहिले भाग खेड्यातल्या पोरक्या मुलापासून का सुरू होतात याचं मुख्य कारण आळस नाही, सोय आहे. पण सोय हजारदा वापरली की तिचा साचा होतो आणि वाचक म्हणतात, 'आणखी एक नियतीने निवडलेला मुलगा!' म्हणजे युक्ती केली तरी बोल, नाही केली तरी बोल. मला स्वतःला हा साचा आजही चालतो, फक्त गुरूने पहिल्या पन्नास पानांत मरू नये एवढीच माझी अट आहे.

जगावर विश्वास बसणं किंवा न बसणं हा तर्काचा मामला नसतो. 1817 मध्ये कवी कोलरिजने एक कल्पना मांडली, ती पुढे फार वापरली गेली: कविता वाचताना आपण आपला अविश्वास आपखुशीने तात्पुरता बाजूला ठेवतो. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा लेखक टोल्किन याला हे पटलं नाही. 1939 मध्ये स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात परीकथांवर दिलेल्या व्याख्यानात त्याने मांडलं की चांगला लेखक एक दुय्यम जग घडवतो, तुम्ही आत असता तोवर तिथलं सगळं खरंच असतं. अविश्वास मनात आला त्या क्षणी जादू मोडली, आणि मग तो अविश्वास प्रयत्नाने दाबत बसावं लागतं. पहिल्या भागावरच्या बऱ्याच चिडक्या मतांमागे हा क्षण असतो. वाचक कारण देताना नकाशातली चूक दाखवतो, घोडा एका दिवसात इतकं अंतर कसं कापेल असं विचारतो, पात्रांच्या नावांची टिंगल करतो. पण घोडा बहुधा निमित्त असतो. वाचक त्या जगातून आधीच बाहेर पडलेला असतो आणि बाहेर उभं राहून पाहिलं की सगळ्याच जगांच्या भेगा दिसतात. जो आत राहिला त्याला तो घोडा दिसलासुद्धा नाही.

दुसरी गोष्ट अपेक्षेची. 1967 मध्ये जर्मनीतल्या कोन्स्टान्त्स विद्यापीठात हान्स रॉबर्ट याउस या अभ्यासकाने साहित्याचा इतिहास वाचकाच्या बाजूने लिहायला हवा असा आग्रह धरला. त्याची एक कल्पना इथे चपखल बसते: 'अपेक्षांचं क्षितिज'. वाचक पुस्तकाकडे कोऱ्या पाटीने येत नाही. आधीची पुस्तकं, त्या प्रकाराचे संकेत, कानावर आलेलं, मुखपृष्ठ, हे सगळं मिळून त्याच्या नजरेला एक मर्यादा घालतं आणि नवं पुस्तक त्या मर्यादेवर मोजलं जातं. नव्या मालिकेच्या मागच्या कव्हरवर 'अमुक गाजलेल्या मालिकेचे चाहते हे डोक्यावर घेतील' असं छापलं की प्रकाशकाने ते क्षितिज स्वतःच्या हाताने आखून दिलेलं असतं. त्या मालिकेत राजकारण आणि खून होते, या पुस्तकात दोन बहिणींच्या नात्याची संथ गोष्ट आहे. 'फसवणूक!' असा एका चांदणीचा शेरा येतो. फसवणूक झाली हे खरंच, फक्त ती कव्हरने केली. गुण मात्र लेखिकेचे गेले.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण सत्तर वर्षांपूर्वीचं आहे. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा पहिला खंड, 'द फेलोशिप ऑफ द रिंग', लंडनमध्ये 29 जुलै 1954 रोजी प्रसिद्ध झाला. टोल्किनच्या लेखी 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही एकच अखंड कादंबरी होती. पण कागद महाग होता, पुस्तक अवाढव्य होतं आणि तोट्याची भीती होती, म्हणून प्रकाशकाने तिचे तीन खंड केले. पहिला खंड संपतो तिथे कोडं सुटत नाही, प्रवासही संपत नाही, नुसती सोबत्यांची फाटाफूट होते. दुसरा खंड त्याच वर्षी नोव्हेंबरात आला, तिसऱ्यासाठी वाचकांना ऑक्टोबर 1955 पर्यंत थांबावं लागलं. 'हे पुस्तक मध्येच तुटतं' ही तक्रार पहिल्या भागांवर आजही रोज होते. तिथे ती शब्दशः खरी होती, कारण पुस्तक खरोखरच मध्ये कापलेलं होतं.

आणि प्रतिक्रिया? पहिल्या खंडाचं भरभरून कौतुक जवळजवळ लगेच, 14 ऑगस्टला छापून आलं. लिहिणारा होता सी. एस. लुईस, टोल्किनचा जवळचा मित्र, ज्याने ही गोष्ट लिहिली जात असतानाच ऐकली होती. उलट अमेरिकन समीक्षक एडमंड विल्सनने 1956 मध्ये 'द नेशन' साप्ताहिकात संपूर्ण कादंबरीची सालं काढली. त्याच्या लेखी तो मोठ्या माणसांनी गंभीरपणे घ्यावा असा ऐवजच नव्हता. त्याच वर्षी कवी डब्ल्यू. एच. ऑडनने तिसऱ्या खंडावर लिहिताना नोंदवलं की या पुस्तकाबद्दल मधलं मत कुणाचंच दिसत नाही. एक तर लोक त्याला त्या प्रकारातली थोर कृती मानतात, नाहीतर त्यांना ते सहनच होत नाही. ऑडन स्वतः पहिल्या गटातला. तिघेही तयारीचे वाचक होते. विल्सनला काही कळलं नाही असं म्हणणं सोपं आहे, पण त्याच्या क्षितिजावर आधुनिक कादंबरी होती, मनाचे कंगोरे दाखवणारी. लुईस आणि ऑडन जुन्या उत्तरेकडच्या वीरगाथांवर पोसलेले. ज्यात विल्सनला पोरखेळ दिसला, त्यात त्यांना ओळखीचं घर दिसलं.

लुईसच्या उदाहरणात आणखी एक मेख आहे, ती म्हणजे सर्वात आधी कोण बोलतं.

आज पुस्तक छापून येण्याआधीच त्याच्या आगाऊ प्रती काही वाचकांना दिल्या जातात. त्या मागतो कोण? ज्याला हा प्रकार आवडतो तो. पहिल्या दिवशी पुस्तक विकत घेतो कोण? ज्याने लेखकाचं आधीचं काही वाचलंय तो. म्हणजे पहिल्या लाटेतली मतं बव्हंशी आधीच अर्धी राजी असलेल्या माणसांची असतात. शिन्शिन ली आणि लोरिन हिट या दोघांनी अमेझॉनवरच्या पुस्तकांच्या परीक्षणांचा अभ्यास करून 2008 मध्ये दाखवलं की सुरुवातीची मतं पुष्कळदा जास्त अनुकूल असतात, नंतर सरासरी खाली येते. पुस्तक तेच राहतं, वाचणारा बदलतो. 'इतकं डोक्यावर घेतलं होतं, मग माझ्याच बाबतीत असं का?' हा दुसऱ्या लाटेतल्या वाचकाचा प्रश्न असतो. उत्तर एवढंच की डोक्यावर घेणारे तुमच्यासारखे नव्हते.

बक्षिसाचंही तसंच होतं. बालाझ कोवाच आणि अमांडा शार्की यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुरस्कार जिंकलेली आणि फक्त अंतिम यादीपर्यंत पोचलेली पुस्तकं शेजारी ठेवून पाहिली. जिंकल्यावर वाचक वाढले, पण त्यांनी दिलेले गुण घसरले. पुरस्काराच्या शिक्क्यामुळे असे वाचक येतात जे एरवी त्या पुस्तकाच्या वाटेला गेले नसते.

शिवाय बोलतं कोण हाही मुद्दा आहेच. पुस्तक 'ठीक' वाटलेला माणूस ते बंद करतो आणि झोपतो. भारावलेला किंवा चिडलेला माणूस लिहायला बसतो. म्हणून विक्रीच्या संकेतस्थळांवर गुणांचा आलेख मध्ये खोलगट आणि दोन्ही टोकांना, विशेषतः पाच चांदण्यांकडे, वर चढलेला दिसतो. तीन चांदण्या देऊन वर चार परिच्छेद लिहिणारा वाचक दुर्मीळ. मी तो आधी शोधतो, कारण त्याला ना पुस्तक वाचवायचं असतं ना बुडवायचं.

आता 'पहिला भाग जेमतेम आहे, पण दुसऱ्यापासून मालिका पकड घेते' हे ठरलेलं वाक्य घ्या. कधी ते खरं असतं, लेखकाचा हात बसलेला असतो. पण निव्वळ हिशेबानेही तसं दिसू शकतं. समजा पहिला भाग शंभर जणांनी वाचला. चाळीस जणांनी पाच चांदण्या दिल्या, वीस जणांनी चार, वीस जणांनी तीन आणि उरलेल्या वीस जणांनी दोन. बेरीज 380, सरासरी 3.8. दुसऱ्या भागाकडे कोण वळेल? पाचवाले चाळीसही. चारवाल्यांपैकी समजा पंधरा. तीनवाल्यांपैकी पाच. दोनवाला पुन्हा कशाला येतोय! राहिले साठ. दुसरा भाग पहिल्याइतकाच, ना तसूभर चांगला ना वाईट, असं धरू आणि प्रत्येकाने पहिल्याला दिले तेवढेच गुण पुन्हा दिले असं मानू. बेरीज 275, सरासरी जवळपास 4.6. एक ओळही सुधारली नाही आणि मालिका 3.8 वरून 4.6 वर गेली! पहिला भाग चाळणीचं काम करतो. चौथ्या-पाचव्या भागाचे गुण म्हणजे चाळून उरलेल्यांचे गुण, ते पहिल्याच्या गुणांशेजारी ठेवून तुलना करण्यात फारसा अर्थ नसतो. हे लक्षात आल्यापासून 'दुसऱ्या भागापर्यंत धीर धर' हा सल्ला ऐकला की मी आधी विचारतो, सांगणाऱ्याने पहिल्याला किती दिले होते?

शब्दही फसवतात. 'हळू आहे' हा सगळ्यात जास्त वापरला जाणारा आणि सगळ्यात कमी सांगणारा शेरा. घटना कमी आहेत म्हणून हळू? की घटना भरपूर आहेत पण त्यांतून कुणाचं काय बिघडणार हे कळत नाही, म्हणून लढाईसुद्धा कंटाळवाणी? की वाक्यंच जड आहेत? पहिल्या प्रकारचा संथपणा काही वाचकांना हवाच असतो, दुसरा कुणालाच नको असतो. शेऱ्यात याचा उलगडा नसेल तर तो सोडून द्यावा. जादूबद्दलच्या तक्रारीही दोन जातींच्या. ब्रँडन सँडरसन या लेखकाने 2007 मध्ये मांडलेला ठोकताळा इथे कामी येतो: वाचकाला जादू जितकी समजलेली असेल तितकीच तिच्या जोरावर पेच सोडवलेला त्याला पटतो. नियम गूढ ठेवायला काहीच हरकत नाही, पण मग शेवटच्या प्रकरणात त्याच गूढ जादूने नायिकेला वाचवलं की ते देवाने येऊन सोडवल्यासारखं वाटतं. 'जादू कळली नाही' अशी तक्रार करणारा बऱ्याचदा गूढपणावर रागावलेला नसतो, या फुकटच्या सुटकेवर रागावलेला असतो.

प्रतिक्रियांत एक भीतीही मिसळलेली असते, ती म्हणजे मालिका पूर्ण होईल का? ती पोकळ नाही. रॉबर्ट जॉर्डनच्या 'व्हील ऑफ टाइम'चा पहिला भाग 1990 मध्ये आला, 2007 मध्ये मालिका अर्धवट ठेवून लेखक वारला. शेवटचे तीन भाग त्याच्या टिपणांवरून सँडरसनने लिहिले आणि चौदावा, अखेरचा भाग 2013 मध्ये आला. पहिल्या दिवसापासून सोबत असलेला वाचक तेवीस वर्षं थांबला. असं एकदा पोळलेला माणूस नव्या मालिकेला सांगतो, 'पूर्ण होऊ दे, मग बघतो.' पण सगळेच असं म्हणाले तर पहिला भाग खपत नाही, न खपलेल्या भागाचा पुढचा भाग छापायला प्रकाशक कचरतो, आणि मालिका खरोखरच अर्धवट राहते. वाचकाचं चुकतं असं मी म्हणणार नाही, पैसे आणि वेळ त्याचाच जातो. पण 'शेवट लटकता ठेवला' म्हणून दिलेली एक चांदणी पुष्कळदा या पुस्तकाच्या शेवटावर नसते, आधी कुणी दुसऱ्याने दिलेल्या चटक्यावर असते.

'शितावरून भाताची परीक्षा' आपण सहज म्हणून जातो. ती चालते, कारण सगळी शितं एकाच आधणात शिजलेली असतात. पहिला भाग मात्र अनेकदा लेखकाच्या पहिल्यावहिल्या पुस्तकांपैकी एक असतो आणि पाचवा लिहिला जातो तोवर हात बदललेला असतो. त्याहून मोठा फरक वाचकाच्या बाजूने पडतो. चौथ्या भागात कळतं की दुसऱ्या प्रकरणात दिवा पुसत बसलेली, तीन पानं उगाच खाणारी म्हातारी कोण होती. मग माणूस पहिला भाग पुन्हा काढतो आणि तीच तीन पानं या वेळी श्वास रोखून वाचतो, कारण आता तिने दिवा कुठल्या हातात धरलाय यालाही अर्थ आलेला असतो. 'दोनशे पानं झाली तरी काही घडतच नाही' असं लिहिणाराही कधीकधी अशा वाचकांत निघतो. तो म्हातारीबद्दल मित्रांना तास तासभर सांगतो, नव्या भागाच्या तारखेवर डोळा ठेवून असतो. पण आपला जुना शेरा उघडून खोडायचं त्याच्या डोक्यातही येत नाही. दोन चांदण्या तिथेच राहतात आणि पुस्तक घ्यावं की नको हे ठरवायला आलेल्या पुढच्या माणसाच्या नजरेला त्याच आधी पडतात.